गाल टेकेल अशी दुर्बीण

"खारीच्या मिशा मोजायच्यात का तुला?" ड्यूईने विचारलं.

लोरीनने डोळ्याला लावलेली दुर्बीण खाली घेतली. दुकानाच्या दारातून तिने ती समोरच्या बँकेवरच्या घड्याळावर धरली होती. घड्याळ काही दिसलं नव्हतं, नुसता सहाचा आकडा दिसला होता, आणि तोही थंडी वाजल्यासारखा कापत होता.

"मोजायच्या नाहीत," ती म्हणाली. "खार मारायचीये."

"मग ठेव ती खाली. बारापट आहे. इतक्या जवळून मी माझ्या बायकोलाही कधी बघितलेलं नाही."

बाकावर बसलेले दोघे हसले. लोरीन हसली नाही. पण तिला राग आला असंही नाही. मार्चपासून तिला काहीच आलं नव्हतं. रडू नाही, राग नाही, शिंकसुद्धा नाही.

ड्यूईच्या दुकानात खिळे, बिजागऱ्या, कोंबड्यांचं खाद्य आणि मासे धरायचे गळ यांच्या मधोमध एक काचेचं कपाट होतं. बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी त्यात मखमलीवर मांडलेल्या असत. दुकानात मखमल म्हणजे तेवढीच. ड्यूई आणि लोरीन शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे तो तिला काहीही बोलू शकत असे. बाकीचे मात्र जपून बोलत. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगराळ खोऱ्यात चाळिशीच्या आतलं एकही माणूस असं नव्हतं, ज्याने शाळेच्या जेवणघरात लोरीनच्या हातचं खाल्लेलं नाही. जन्मभर हातात डाव घेऊन उभ्या राहिलेल्या बाईशी लोक पुढेही थोडेसे रांगेत उभे असल्यासारखेच बोलतात.

"कुठल्या बंदुकीला लावायचीये, काकू?" बाकावरच्या एकाने विचारलं. त्याला ठाऊक होतं.

"एल्झीच्या."

बाकावरच्या दोघांनी एकदम आपापल्या बुटांकडे बघितलं.

एल्झी तिचा नवरा. कोळशाच्या खाणीतले पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, आणि मार्चमधल्या एका सकाळी गाडीची बॅटरी बदलताना तो बॅटरी मांडीवर घेऊन खाली बसला, तो बसलाच. त्यानंतर बरेच दिवस लोक घरी येत होते. येताना झाकलेली भांडी आणत आणि 'काय बोलावं कळत नाही' असं बोलत. त्यांना खरंच कळत नव्हतं. एल्झीने बोलण्यासारखं काही केलेलं नव्हतं. पंप चालू करायचा आणि घरी यायचं, एवढंच त्याचं चरित्र. खाणीत पाणी भरलं नाही, म्हणून कुणी पंपवाल्याची आठवण काढत नाही.

पण लोरीन एल्झीच्या टू-टू रायफलला, बारीक गोळीच्या त्या छोट्या बंदुकीला, दुर्बीण बसवतेय, ही बातमी खोऱ्यात फिरली आणि लोकांना वाचा फुटली. पोस्टात, पेट्रोल भरताना, चर्चच्या पायऱ्यांवर माणसं तिला अडवून सांगू लागली. चारपट पुरे. नऊपटीच्या खाली बघूच नकोस. भिंग मोठं घे, पहाटे उजेड जास्त मिळतो. मोठ्या भिंगाच्या नादी लागू नकोस, बंदूक बोजड होते. ज्या शेजाऱ्याने दफनाच्या दिवशी तिचा हात हातात घेऊन नुसतंच नाक ओढलं होतं, त्याने आता कुंपणाला टेकून दुर्बिणीच्या आतल्या, नेम धरायच्या फुलीचे सगळे प्रकार समजावून सांगितले. बारीक फुली, जाड फुली, ठिपक्याची फुली. शेवटी त्याचा आवाज जरा भरून आला. लोरीन ऐकून घेत असे. हे लोक आपल्याला भेटायला आलेत, एवढं तिला कळत होतं.

या सगळ्याच्या मुळाशी दोन पातेली होती.

ऑगस्टातल्या एका शनिवारी खारींच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या अंगणात रस्सा शिजतो. ज्या घरात बंदूक आहे त्या घराने आपल्या बंदुकीच्या खारी आणायच्या; त्या मोठ्या पातेल्यात जातात. दुसरं पातेलं कोंबडीचं. ते बंदूक नसलेल्या घरांचं. असा नियम कुणी केलेला नाही, आणि खाताना दोन्हींतलं सगळेच खातात. खरं सांगायचं तर कोंबडीचं आधी संपतं. पण बाई विधवा झाली की पुढच्या ऑगस्टात ती कोंबडी घेऊन येते, आणि मग मरेपर्यंत कोंबडीच आणते. कबरीवर दगड बसायला उशीर झाला तरी एक वेळ चालतं. पातेलं बदललं की माणूस गेला.

दोन्ही पातेली पास्टरच्या बायकोच्या, जिनीव्हाच्या ताब्यात असत. जुलैतच तिने लोरीनला चर्चच्या दारात गाठलं.

"या वर्षी दगदग करू नकोस हं, लोरीन. कोंबडीच आण. नाही आणलीस तरी कोण विचारतंय."

"खार आणीन म्हणते."

"कुणी दिली?"

"दिली नाही अजून कुणी. मारायचीये."

"कुणाच्या बंदुकीने?"

"आमच्या."

जिनीव्हाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान जराशी कलती केली. पोराला ताप आहे का, हे बघताना आया करतात तशी. "बरं," ती म्हणाली. "पण कोंबडी काढून ठेव हो घरात. असू दे."

एल्झी मारायचा आणि लोरीन सोलायची, अशी त्यांच्या संसारातली वाटणी होती. तो बंदूक पुसत बसे तोवर ती मागच्या ओट्यावर बादली पालथी घालून कामाला लागे. खार सोलणारीला नेमाबद्दल जे कळतं ते मारणाऱ्यालाही कळत नाही. लग्नानंतर किती तरी वर्षं एल्झीच्या खारी डोळ्यात लागलेल्या असत. बाकी अंगावर ओरखडा नाही. पुढे त्या कानामागे लागू लागल्या. मग मानेत. गेल्या हंगामात खांद्यात. खांद्यातली गोळी वाईट. आजूबाजूचं मांस काळंनिळं होतं आणि फेकावं लागतं.

लोरीनने ते कापून फेकलं, आणि उरलेल्याचे इतके बारीक तुकडे केले की खार कुठून सुरू होते आणि कुठे संपते, हे कुणालाच सांगता आलं नसतं. "म्हाताऱ्यांच्या दातांना बरं पडतं," असं तिने त्या वर्षी जिनीव्हाला सांगितलं. एल्झी पलीकडे उभा राहून कॉफी पीत होता. त्या संध्याकाळी दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही. मुळात तो बोलणारा माणूस नव्हता, आणि तीही न विचारलेलं सांगणारी बाई नव्हती. असे संसार फार टिकतात.

बंदूक तिने लहानपणी वडिलांबरोबर चालवली होती. हात विसरला नव्हता. डोळे विसरले होते. परसात कुंपणाच्या खांबावर डबा ठेवून तिने एल्झीची टू-टू खांद्याला लावली, तेव्हा नेम धरायची जवळची खाच, नळीच्या टोकावरचा माशी म्हणतात तो उंचवटा आणि लांबचा डबा, या तिघांपैकी एका वेळी एकच कुणीतरी हजर राहत होतं. चष्म्याच्या वरच्या भिंगातून डबा दिसे, खालच्या भिंगातून खाच दिसे, आणि माशी दोन्हींच्या सीमेवर नाहीशी होई. तेव्हा दुर्बीण आली. दुर्बिणीत सगळं एकाच पडद्यावर दिसतं. फुली आणि खार शेजारी शेजारी बसतात.

त्या दिवशी ड्यूईच्या दुकानातून ती काही न घेता परतली, तर घरी क्लोव्हिस येऊन बसला होता. क्लोव्हिस एल्झीचा धाकटा भाऊ. त्याने स्वतःच्या हरणाच्या रायफलवरची दुर्बीण काढून आणली होती. लाटण्याएवढी लांब, आणि पुढचं भिंग बशीएवढं.

"विकत कशाला घेताय, वहिनी? ही घ्या. डोंगरापलीकडचं हरीण दाखवते."

"डोंगरापलीकडचं हरीण मला कशाला दाखवताय, भाऊजी?"

"म्हणजे एवढी चांगली आहे, असं म्हणतोय मी."

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने ती बसवली. भिंग नळीला टेकायला नको म्हणून दुर्बीण धरणाऱ्या कड्या उंच लावाव्या लागल्या. आणि मग ती छोटीशी बंदूक आजोबांची टोपी घातलेल्या पोरासारखी दिसू लागली. लोरीनने ती मागच्या ओट्यावर नेली आणि अंगणातल्या हिकरीच्या झाडावर धरली.

"धुकं आहे," ती म्हणाली.

"भर दुपारी?"

"तुम्हीच बघा."

क्लोव्हिसने बघितलं. "हां. ही लांबचं बघते. जवळचं हिला समजत नाही." मग तो जरा थांबून म्हणाला, "आपल्या खानदानातली आहे."

लोरीनने बंदूक पुन्हा घेतली. झाडाचं सोडा, पण दुर्बिणीतून बघायला मान इतकी उंच करावी लागत होती की गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्याला पोचतच नव्हता. हवेत डोकं धरून ती उभी होती आणि फुली झाडावरून अंगणातल्या दोरीवर, दोरीवरून शेजाऱ्याच्या छपरावर फिरत होती.

"हनुवटी टेकवा," क्लोव्हिस म्हणाला.

"हनुवटीने कुणी नेम धरतं का?"

"मग थांबा." तो गाडीकडे गेला आणि फोमचा एक तुकडा आणि काळी चिकटपट्टी घेऊन आला. "हे इथं दस्त्यावर लावून देतो. गाल वर येईल. सगळे करतात असं." त्याने पट्टीचं टोक दातांनी तोडलंसुद्धा.

"नको."

"अहो, तात्पुरतं आहे. नंतर निघतं."

"निघताना लाकडाचं काय होतं ते ठाऊक आहे मला."

क्लोव्हिसने दस्ता उजेडात धरला. गडद तपकिरी लाकडावर डाव्या अंगाला तळहाताएवढी जागा फिकट होती. तिथलं पॉलिश कधीच निघून गेलं होतं, आणि लाकूड पायरीच्या दगडासारखं गुळगुळीत झालं होतं.

"इथलं तर आधीच गेलंय," तो म्हणाला. "इथं बिघडण्यासारखं राहिलंय काय?"

 लोरीन त्या जागेकडे बघत होती. क्लोव्हिसने तिच्याकडे बघितलं, मग दस्त्याकडे, मग हातातल्या चिकटपट्टीकडे. पट्टी त्याच्या अंगठ्याला चिकटली होती. ती सोडवायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने एकेक स्क्रू काढून आपली दुर्बीण उतरवली आणि म्हणाला, "मक्याची भाकरी आहे का काही उरलेली?"

"आहे. ताकही आहे."

तो जेवून गेला. जाताना त्याने दाराशी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली, आणि 'येतो' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लोरीन बंदूक घेऊनच दुकानात गेली. बाकावर कुणी नव्हतं.

"सगळ्यांत बुटकी दे," ती म्हणाली.

"बुटकी म्हणजे?"

"नळीला चिकटून बसेल अशी. मान उंच करायला नको."

ड्यूईने कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून एक डबी काढली. डबीचा रंग उडाला होता. आतली दुर्बीण बोटभर जाड, पुढून-मागून सारखीच, शाईच्या पेनासारखी.

"चारपट आहे. टू-टूसाठीच बनवलेली, झाडाच्या अंतरावर स्वच्छ दिसतं. पण भिंग पिचकं आहे गं. पहाटे अंधारच दिसेल. सगळ्यांच्या खारी मारून होतील तेव्हा तुला फांदी दिसायला लागेल."

"चालेल."

"कुणी घेत नाही ही. शेजारची तीन ते नऊपट बघ. थोडी उंच बसते एवढंच, पण—"

"गाल टेकला पाहिजे."

ड्यूईने बंदूक घेतली आणि बुटक्या कड्यांचे स्क्रू पिळायला लागला. मधेच त्याचा अंगठा दस्त्यावरच्या फिकट जागेवर गेला, तो त्याने उचलून दुसरीकडे ठेवला. 

"गेल्या वर्षी एल्झीपण आला होता," तो मान वर न करता म्हणाला. "याच कपाटापाशी. हंगामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. सगळ्या डोळ्याला लावून बघितल्या."

"दुर्बिणी?"

"हो. मी म्हटलं, काय रे, तू तर म्हणायचास खारीला तोंडासमोर आणून काय ओळख करून घ्यायचीये. म्हटलं, घेऊन टाक एक. तर म्हणाला, घेतली तर लोरीनला कळेल."

"काय कळेल?"

"ते नाही बोलला. उभा राहिला बराच वेळ. मग बिजागऱ्या घेऊन गेला."

"दोन्ही वेळा?"

ड्यूईने आठवून बघितलं. "दोन्ही वेळा."

घरी येऊन लोरीनने बंदूक दाराआड उभी केली आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली. खुराड्याचं दार गेल्या वर्षी एल्झीने दोनदा उतरवून पुन्हा बसवलं होतं. जुन्या बिजागऱ्यांना काही झालं नव्हतं. एवढ्याशा दाराला एवढं काय करतोय, असं तिला तेव्हा वाटलं होतं. दारावर आता चार बिजागऱ्या होत्या, दोन पुरल्या असत्या. तिने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. कुरकुर म्हणून नाही. कोंबड्यांना वाटलं दाणे आले, आणि त्या पायांशी गोळा झाल्या. तिने दाणे टाकले.

क्लोव्हिसने परसात डब्यावर नव्या दुर्बिणीचा नेम जुळवून दिला. या वेळी त्याने काही सुचवलं नाही.

हंगाम उघडला त्या शनिवारी ती अंधार असतानाच एल्झीच्या नेहमीच्या हिकरीखाली जाऊन बसली. ड्यूई म्हणाला तसंच झालं. आकाश राखाडी झालं, फांद्या दिसू लागल्या, पण दुर्बिणीत काजळी होती. मग खोऱ्यात इकडून तिकडून गोळ्यांचे आवाज येऊ लागले. मोठ्या भिंगांचे लोक. लोरीन बसून राहिली. तिला घाई नव्हती. मार्चपासून तिला कसलीच घाई नव्हती, आणि या कामाला तोच गुण लागतो, हे तिला आज कळलं.

उजाडलं तशी वरून भुगा पडू लागला. हिकरीचं फळ कुरतडताना खार सालं खाली टाकते, बारीक पावसासारखी. लोरीनने बंदूक खांद्याला लावली आणि मान खाली घातली. गाल लाकडाला टेकला. आधी गार लागलं, मग लागेनासं झालं. एल्झीचं तोंड रुंद होतं. त्या झिजलेल्या जागेत तिचा गाल पुरा बसला आणि पुढे थोडी जागा उरली.

दुर्बिणीत फांदी होती, फांदीवर खार होती आणि खारीवर फुली होती. सगळे हजर होते. तिने घोडा दाबला.

खार पानांत पडली. लोरीन उठली नाही. पडली की उठायचं नाही, असं एल्झी हात धुताना सांगायचा, विचारलेलं नसताना सांगितलेली ती एकच गोष्ट. पडली ती जागा डोळ्यात धरायची आणि गप्प बसून राहायचं. उठलीस की सगळं रान गप्प होतं, बसून राहिलीस की बाकीच्या परत येतात. ती बसून राहिली. गाल तिने उचलला नाही. काही वेळाने बाकीच्या परत आल्या. त्यातली एक तिने मारली आणि पुन्हा बसून राहिली. पुढे खारी येत-जात राहिल्या, ती नुसती बघत होती. ऊन पार झाडाच्या बुंध्यापर्यंत आलं तेव्हा ती उठली.

ओट्यावर बादली पालथी घालून ती सोलायला बसली. पहिली खार कानामागे लागली होती. दुसरी खांद्यात. काळंनिळं झालेलं मांस तिने सुरीच्या टोकाने कापून काढलं, गेल्या वर्षी काढलं होतं तसंच, आणि कुत्र्याला टाकलं. तुकडे मात्र केले नाहीत. दोन्ही खारी तिने मिठाच्या पाण्यात अख्ख्याच ठेवल्या.

संध्याकाळी चर्चच्या मागे दोन्ही पातेली रटरटत होती. जिनीव्हा मोठ्या चुलीपाशी डाव घेऊन उभी होती. लोरीनला बघून तिने सवयीने मान कोंबडीच्या पातेल्याकडे वळवली. मग तिला भांड्यातलं दिसलं. ती बाजूला सरली. लोरीनने मोठ्या पातेल्यात पहिली खार सोडली. दुसरी सोडण्याआधी जिनीव्हाने वाकून बघितलं.

"हिचा खांदा गेलाय गं."

"हो. नेम चुकला माझा."

"चुकायचाच. पहिलंच वर्ष तुझं." जिनीव्हाने आवाज खाली आणला. "एल्झीच्या खारी कशा असायच्या. बरोब्बर डोळ्यात. शेवटपर्यंत."

लोरीनने दुसरी खार रश्शात सोडली आणि ती तळाशी जाईपर्यंत बघत राहिली.

"शेवटपर्यंत," ती म्हणाली.

मग तिने जिनीव्हाच्या हातातला डाव घेतला, पातेल्यावर वाकली आणि ढवळायला लागली. पलीकडे लोक ताटं घेऊन उभे होते. तिच्या हातात डाव बघून त्यांची आपोआप रांग झाली.